अधिष्ठात्यांचा हिशेब कोण मागणार?

आपल्या विद्यापीठांत मोजमापाला तोटा नाही. विद्यार्थी गुणांनी मोजला जातो आणि एका गुणापायी त्याचे वर्ष बुडते. शिपाई व कारकून हजेरीपटाने मोजले जातात. प्राध्यापकांच्या वाट्याला २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाची गुणांकपद्धती आली. किती तास घेतले, किती निबंध छापले, किती परिसंवादांना हजेरी लावली, याचे आकडे मांडत ते पदोन्नतीच्या दाराशी उभे राहू लागले. महाविद्यालयांना नॅकची श्रेणी आहे, विद्यापीठांना केंद्र सरकारची क्रमवारी आहे. तराजूंच्या या बाजारात एक पद मात्र अद्याप कोणाच्याही पारड्यात चढलेले नाही. ते म्हणजे विद्याशाखेच्या अधिष्ठात्याचे.

येथे एक खुलासा करावयास हवा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या व त्याच्या रुग्णालयाच्या प्रमुखालाही आपल्याकडे अधिष्ठाता म्हणतात. त्याची चर्चा येथे नाही. ज्याच्याविषयी वृत्तपत्रांत क्वचितच काही छापून येते, ज्याचे नाव त्याच्या विद्याशाखेतील शेकड्यात दहा विद्यार्थीही सांगू शकणार नाहीत, परंतु ज्याच्या सहीवाचून त्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचे पान हलत नाही, त्या विद्यापीठीय अधिष्ठात्याविषयी हे लिहिले आहे.

हे पद शोभेचे नाही. १ मार्च २०१७ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने (हा २०१६ चा कायदा म्हणून ओळखला जातो) अधिष्ठात्याला विद्यापीठाचा पूर्णवेळ, पगारी अधिकारी केले. त्याच्या विद्याशाखेतील अभ्यासक्रमांचे नियोजन, अध्यापनाचा व संशोधनाचा दर्जा, शिक्षकांचे प्रशिक्षण, विद्यापरिषदेने मंजूर केलेल्या धोरणांची अंमलबजावणी, या सर्वांची जबाबदारी त्याच्यावर टाकली. त्याच कायद्याने सर्व ज्ञान चार विद्याशाखांत बसवले: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञाने आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. म्हणजे वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा, अभियांत्रिकीची कार्यशाळा आणि औषधनिर्माणशास्त्राचे वर्ग एकाच व्यक्तीच्या देखरेखीखाली आले. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र आणि कायदा दुसऱ्या एकाच्या. इतक्या मोठ्या प्रदेशाच्या कारभाऱ्याने पाच वर्षांत काय केले, हे विचारण्याचा अधिकार त्या प्रदेशात राबणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना असावा की नसावा? आमचे उत्तर स्पष्ट आहे. असावा, आणि तो कृपा म्हणून नव्हे, हक्क म्हणून असावा.

आज अधिष्ठात्याच्या कामाचा निवाडा कोण करतो, हे पाहिले म्हणजे दुखण्याचे मूळ सापडते. १९९४ च्या कायद्याखाली विद्याशाखेचे सदस्य आपल्यातून अधिष्ठाता निवडून देत. ती पद्धत निर्दोष होती असे कोणीही म्हणणार नाही. तिच्यात गटबाजी होती, जातीपातीची गणिते होती, संस्थाचालकांनी आपल्या ताटाखालची मांजरे पुढे करण्याचे प्रकार होते. परंतु या दोषांवर उपाय म्हणून जे आणले गेले, त्याने रोग्याचा ताप उतरवण्याऐवजी तापमापकच फोडून टाकला. २०१६ च्या कायद्यानुसार कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालील निवड समिती अधिष्ठाता निवडते आणि त्याचा कार्यकाळ पाच वर्षांचा, पण कुलगुरूंच्या कार्यकाळाशी बांधलेला असतो. कुलगुरू गेले की अधिष्ठातेही गेले. मग नवी नेमणूक होईपर्यंत प्रभारींचे राज्य, आणि प्रभारी म्हणजे ज्याला निर्णय घ्यावयाचा नाही आणि ज्याच्याकडे जाबही मागता येत नाही असा मनुष्य.

ज्याचे पद एका व्यक्तीच्या मर्जीने मिळते आणि त्याच व्यक्तीबरोबर संपते, त्याचे तोंड कोणत्या दिशेला राहील? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे सांगावयास समाजशास्त्राची पदवी लागत नाही. हा अधिष्ठात्यांच्या व्यक्तिगत नीतिमत्तेचा प्रश्न नाही. त्यांच्यात विद्वान आहेत, कष्टाळू आहेत, विद्यार्थ्यांविषयी कळकळ असलेलेही आहेत. प्रश्न रचनेचा आहे. ज्या रचनेत उत्तरदायित्व केवळ वरच्या दिशेने वाहते, त्या रचनेत चांगला मनुष्यही हळूहळू खाली पाहणे विसरतो. युरोपीय भाषांतील या पदाचे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले, त्याचा अर्थ दहा जणांचा नायक असा होता. मठात दहा भिक्षूंमागे असा एक नायक असे. तो त्या दहांतच राहत असे आणि त्यांच्याच पंगतीला जेवत असे. आमचा अधिष्ठाता त्या दहांच्या पंगतीतून उठून कुलगुरूंच्या दालनाच्या बाहेरील खुर्चीत जाऊन बसला आहे.

याचे फळ काय, ते २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबईने पाहिले. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी पुरेशा पूर्वतयारीवाचून उत्तरपत्रिकांची संगणकाच्या पडद्यावर तपासणी सुरू केली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा, आणि निकालांचा पत्ता नाही. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही उलटली. उच्च शिक्षणाचे प्रवेश खोळंबले, नोकरीची पत्रे हाती असलेल्यांना गुणपत्रिका दाखवता येईना. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ते योग्यच झाले. परंतु त्या महिन्यांत कोणत्या विद्याशाखेच्या किती उत्तरपत्रिका तपासावयाच्या राहिल्या, हे आकडे रोज प्रसिद्ध होत होते. वाणिज्य आणि विधी यांची रखडपट्टी साऱ्या शहराला ठाऊक झाली होती. त्या त्या विद्याशाखेच्या प्रमुखपदी कोण आहे, तपासणीची नवी पद्धत येत असताना त्याने शिक्षकांचे म्हणणे वर पोहोचवले की नाही, हे प्रश्न जाहीरपणे विचारले गेल्याचे कोणा वाचकास आठवते काय? नवा कायदा तेव्हा काही महिन्यांचाच होता, हे मान्य. पण एवढा मोठा घोटाळा होऊनही पुढील काळासाठी त्यातून जो धडा घ्यावयाचा, तो घेतला गेला नाही. एक शिखर कापले गेले. शिखराखालचा डोंगर होता तसाच राहिला.

येथे कोणी म्हणेल, 'मग अधिष्ठात्यांनाही गुणांकपद्धती लावा, म्हणजे झाले!' त्यांना आम्ही सांगू इच्छितो की हा मार्ग दुसऱ्या खड्ड्यात नेतो. प्राध्यापकांच्या गुणांकपद्धतीने काय पिकवले? निबंधाला गुण आहेत म्हटल्यावर पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्यांच्यापैकी कित्येक आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतच जाऊन बसली. मे २०१८ मध्ये खुद्द आयोगालाच त्या यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकावी लागली. नॅकच्या श्रेणीचे काय झाले? फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपासणी समितीच्या अध्यक्षासह अनेकांना अटक केली. न्यायालयात काय सिद्ध व्हावयाचे ते होईल. पण श्रेणीला बाजारभाव आला म्हणजे ती विकत घेण्यासाठी गिऱ्हाईकेही उभी राहतात, हे समजण्यास निकालाची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा मूल्यमापन या एकाच शब्दाखाली दोन अगदी विरुद्ध गोष्टी नांदतात, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घेतले पाहिजे. एक मूल्यमापन वरून खाली येते. ते आकड्यांचे असते, गोपनीय असते आणि त्याचा हेतू माणसाला धाकात ठेवण्याचा असतो. कारखान्यातला मुकादम कामगाराच्या हाताखालून गेलेले नग मोजतो, ते हेच. दुसरे मूल्यमापन खालून वर जाते. ते उघड असते, कारणे देऊन केलेले असते आणि ज्यांचे आयुष्य एखाद्याच्या निर्णयांनी घडते किंवा बिघडते त्यांनी ते केलेले असते. पहिल्याला शिस्त म्हणतात, दुसऱ्याला लोकशाही. आमच्या विद्यापीठांत पहिल्याची रेलचेल आणि दुसऱ्याचा दुष्काळ आहे.

मग खालून वर जाणारे हे मूल्यमापन कशाच्या आधारे करावयाचे? त्यासाठी नवे मापदंड शोधण्याचीही गरज नाही. पुष्कळसे मापदंड कायद्यात आणि नियमांत पडून आहेत. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत निकाल लागले पाहिजेत, असे २०१६ चा कायदा सांगतो. या विद्याशाखेतील किती परीक्षांचे निकाल ४५ दिवसांत लागले? पीएच.डी.चा प्रबंध सादर झाल्यापासून मौखिक परीक्षेसह सारी प्रक्रिया सहा महिन्यांत संपवावी, असे आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत आहे. किती प्रबंध त्याहून अधिक काळ कपाटात धूळ खात पडले आणि ते कोणाचे होते? नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. तो शिक्षकांच्या हाती वर्ग सुरू होण्यापूर्वी पडला की नंतर, आणि मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांसाठी त्याची पुस्तके तयार होती काय? विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणासाठी २०२३ चे विनियम आहेत. या विद्याशाखेतील किती तक्रारी आल्या आणि किती सुटल्या? किती विषय तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या खांद्यावर चालू आहेत आणि त्या शिक्षकांचे मानधन किती महिने थकले? ही उत्तरे अधिष्ठात्याने वर्षातून एकदा छापून द्यावीत आणि मग आपल्या विद्याशाखेतील शिक्षक, विद्यार्थी व कर्मचारी यांच्यापुढे उभे राहून त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे. एवढे साधे आहे ते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या कायद्याने सर्व अधिष्ठात्यांचे एक मंडळ निर्माण केले आणि विद्यापीठक्षेत्राचा पंचवार्षिक बृहत् आराखडा तयार करण्याचे काम त्याच्याकडे दिले. नवे महाविद्यालय कोणत्या तालुक्यात निघावे, कोणत्या शाखेचे असावे, याचा पाया या आराखड्यात घातला जातो. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यानंतर महाराष्ट्रात शिक्षणसम्राटांची जी जमात जन्मास आली, तिला या कागदाचे मोल विद्यापीठातील कोणाहीपेक्षा चांगले समजते. डोंगराळ आणि आदिवासी तालुक्यातील मुलीला पदवीसाठी किती मैल जावे लागेल, हे या आराखड्यात ठरते. आणि जेथे आधीच चार महाविद्यालये आहेत तेथे पाचवे कोणाच्या नातलगाचे निघेल, हेही त्यातूनच ठरू शकते. अशा निर्णयात सहभागी असणाऱ्या अधिकाऱ्याचे मूल्यमापन केवळ त्याला नेमणाऱ्याने बंद खोलीत करावयाचे, ही कल्पना लोकशाहीत कशी बसते?

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की शिक्षक आणि विद्यार्थी लोकप्रियतेवर मत देतील. जो अधिष्ठाता कडक शिस्त लावील त्याला खाली खेचतील. हा आक्षेप मताधिकाराइतकाच जुना आहे. शेतमजुराला मत दिले तर तो राज्य बुडवील, असे म्हणणारेही होऊन गेले. मत कारणांसह आणि उघड झालेल्या माहितीच्या आधारे मागितले, अधिष्ठात्याला आपली बाजू मांडण्याची पुरी संधी दिली आणि एका मतमोजणीवर त्याची खुर्ची टांगती ठेवली नाही, तर लोकप्रियतेचे भय फारसे उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अधिष्ठात्यांच्या बाजूने केला जातो. पदे भरावयास शासन परवानगी देत नाही, निधी मिळत नाही, वसतिगृहे बांधणे हातात नाही. मग अधिष्ठात्याला दोष का? या म्हणण्यात तथ्य आहे. शासनाने शिक्षकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून उच्च शिक्षणाची जी उपासमार चालवली, तिचे खापर अधिष्ठात्याच्या माथी फोडणे अन्यायाचे ठरेल. परंतु पद भरणे त्याच्या हातात नसले तरी पद रिकामे आहे हे जाहीरपणे सांगणे त्याच्या हातात आहे. तीन शिक्षकांवर सहा शिक्षकांचा विभाग चालला आहे, हे त्याने विद्यापरिषदेत लेखी मांडले काय? की नॅकच्या समितीपुढे तोच विभाग नटवून सजवून उभा केला? आमच्या दृष्टीने त्याच्या मूल्यमापनाचा पहिला प्रश्न हाच आहे. ज्याचा हिशेब वरचेच घेतात तो वरच्यांची उणीव झाकतो. ज्याचा हिशेब खालचे घेतील त्याला ती उणीव उघडी करावीच लागेल. म्हणून खालून होणारे मूल्यमापन प्रामाणिक अधिष्ठात्याचे शत्रू नसून शासनाशी भांडताना त्याच्या पाठीशी उभे राहणारे बळ आहे.

तिसरा आक्षेप, हे कोठे घडले आहे काय? घडले आहे. अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील विद्यार्थ्यांनी १९१८ साली मठाधिपतींच्या आणि जमीनदारांच्या कब्जातील विद्यापीठाविरुद्ध बंड केले आणि विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा वाटा मागितला. ती लाट साऱ्या लॅटिन अमेरिकेत पसरली. ब्यूनॉस आयर्स विद्यापीठात प्रत्येक विद्याशाखेच्या मंडळावर आठ प्राध्यापक, चार पदवीधर आणि चार विद्यार्थी निवडून येतात आणि तेच मंडळ अधिष्ठात्याची निवड करते. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९६६ पासून अधिष्ठात्यांच्या निवडीत आणि पुढे त्यांच्या मूल्यमापनातही शिक्षकांच्या सहभागाचे तत्त्व आग्रहाने मांडले. जे ब्यूनॉस आयर्सच्या विद्यार्थ्यांना पेलले, ते परभणी आणि रत्नागिरीच्या विद्यार्थ्यांना पेलणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ते उघडपणे बोलून दाखवावे.

आणि दूर जाण्याचे तरी कारण काय? १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी हाच प्रश्न उभा केला होता. शेतकऱ्याच्या श्रमातून जमलेला सारा सरकार वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळते आणि ज्याच्या घामाचा तो पैसा त्याच्या मुलांना प्राथमिक शाळाही मिळत नाही, याचा जाब त्यांनी मागितला. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाची मागणी केली, ती याच न्यायाने: ज्यांच्यासाठी विद्यापीठ आहे, त्यांचा शब्द त्याच्या कारभारात असला पाहिजे. आपल्या विद्यापीठांनी या थोरांची नावे धारण केली, पुतळे उभारले. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र प्रवेशद्वाराबाहेर उभा आहे.

तो आत यावा यासाठी जे मार्ग होते, तेही बुजवले गेले. १९९४ नंतर महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांना पुन्हा स्थान दिले, तर २०१९ साली ठरलेल्या निवडणुका शासनाने पुढे ढकलल्या. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतील पदवीधरांची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये ऐनवेळी स्थगित झाली आणि ती होण्यास सप्टेंबर २०२४ उजाडावे लागले, तेही उच्च न्यायालयाने दरडावल्यानंतर. मतदारांची एवढी धास्ती ज्यांना वाटते, त्यांना अधिष्ठात्याच्या मूल्यमापनाची सभा भरवणे रुचेल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. ती सभा आपणच भरवली पाहिजे.

येथे प्राध्यापक संघटनांतील आपल्या मित्रांना एक कडू गोष्ट ऐकवणे प्राप्त आहे. अधिष्ठात्याचा हिशेब मागणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्याला आपला हिशेब मागू दिला पाहिजे. वर्गात वेळेवर न जाणारा, जुन्या टिपणांचा रवंथ करणारा, पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला घरच्या कामाला जुंपणारा शिक्षक उद्या अधिष्ठात्याविरुद्ध ठराव मांडू लागला, तर त्या ठरावाला विद्यार्थी का टाळ्या देतील? लोकशाही एका पायरीवर थांबवता येत नाही. ती जिन्याच्या तळापर्यंत उतरली तरच वरच्या पायरीवर तिचा धाक राहतो.

आमच्या मागण्या थोडक्यात अशा आहेत. अधिष्ठात्याचा कार्यकाळ कुलगुरूंच्या कार्यकाळापासून सोडवावा. त्याच्या नेमणुकीपूर्वी त्या विद्याशाखेतील शिक्षकांपुढे उमेदवारांची जाहीर मांडणी व्हावी. प्रत्येक वर्षाअखेर वर सांगितलेल्या प्रश्नांची उत्तरे मराठीत छापून प्रसिद्ध व्हावीत. कार्यकाळाच्या मध्यावर शिक्षक, विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींची समिती त्याच्या कामाचा अहवाल तयार करील आणि तो अहवाल, अधिष्ठात्याच्या उत्तरासह, अधिसभेपुढे येईल अशी तरतूद कायद्यात व्हावी. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना या समितीत हक्काचे स्थान असावे. कारण विद्यापीठ ज्यांच्या पाठीवर उभे आहे, त्यांनाच बोलण्याची सर्वांत अधिक भीती वाटते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. २००५ चा माहितीचा अधिकार विद्यापीठांनाही लागू आहे. आपल्या जिल्ह्यातील युवक व विद्यार्थी कार्यकर्त्यांनी येत्या सत्रात प्रत्येक विद्याशाखेविषयी निकालांचे दिवस, रखडलेले प्रबंध, रिकामी पदे, थकलेले मानधन आणि न सुटलेल्या तक्रारी, या पाच गोष्टींची माहिती लेखी मागावी. मिळालेली उत्तरे महाविद्यालयाच्या फाटकावर लावावीत. अधिष्ठात्यांना सभेचे निमंत्रण द्यावे. ते आले तर त्यांचे स्वागत करावे आणि आदराने पण न डगमगता प्रश्न विचारावेत. न आले तर व्यासपीठावर त्यांची खुर्ची रिकामी ठेवावी आणि सभा चालू करावी.